बर्फीच्या डोळ्यातलं अंगण

आक्का,

तू भांडण अर्धवट टाकून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस. आपलं लहानपणापासूनचं ठरलेलं होतं. भांडण सुरू तू करायचंस आणि मिटवायचंही तूच. मी नुसता फुगून बसायचो. मग आठ-पंधरा दिवसांनी तुझा फोन यायचा, "रम्या, जेवलास का?" एवढंच. झालं, मिटलं. या खेपेला तो फोन आला नाही. आला तो वर्षाचा. "मामा, आईला नगरला दवाखान्यात आणलंय, लवकर या." तुझ्या पोरीचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळच्या गाडीनं तुझ्या काष्टीहून निघालो आणि दुपारी तिसगावला पोचलो. घरी न जाता सरळ स्टुडिओत आलो, शटर अर्धं वर केलं आणि आत बसलोय. कुणी आलं तर वाकून बघतं, मी हातानंच नाही म्हणतो. लोक समजून घेतात. बहीण गेलीय, बसू द्या म्हणतात. त्यांना वाटतं मी रडतोय. रडू कुठलं येतंय गं! रडायला आलं असतं तर बरं झालं असतं. मला तुला एक सांगायचंय. काल ते दाजींना सांगून झालं, वर्षाला सांगून झालं, म्हणजे तू सोडून सगळ्यांना सांगितलं. जिला आधी सांगायचं तिला शेवटी सांगतोय, तेही ती ऐकायला नसताना. माझी सगळी कामं अशीच, उलटी.

भाऊबीजेपासून सुरू करतो. तू ओवाळायला ताट घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "यंदा साडी न्हाई घेनार. कपाटात ठेवायला जागा न्हाई."

"मग काय पाहिजे?"

"माज्या बर्फीचा फोटो काढून दे. चांगला. डोळं खरं दिसलं पाहिजेत."

मी हसलो. दाजीही हसले. मांजराच्या फोटोची ओवाळणी मागणारी बहीण साऱ्या श्रीगोंदा तालुक्यात दुसरी नसेल. पण तू हट्टाला पेटलीस. मोबाईल काढून एकेक फोटो दाखवायला लागलीस, आणि प्रत्येकात बर्फीच्या डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे पेटलेले. "ही काय मांजर हाय का हडळ? एक डोळा निळा हाय तिचा, एक घारा. त्यातलं कायसुदिक दिसत न्हाई. घरात फोटोवाला भाऊ आसून माज्या नशिबाला हे!"

मी सांगितलं की मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला चकाकी असते, फ्लॅशचा उजेड तिच्यावर आपटून तसाच परत येतो, त्याला मोबाईल काय करणार. तू म्हणालीस, "मला शाळा शिकवू नकोस. काढ."

तर मग काढायला बसलो. फ्लॅश चालणार नव्हता. उन्हात धरली तर तिच्या डोळ्यातली बाहुली बारीक होऊन नुसती रेघ उरत होती. म्हणून दाजींनी अंगणात ओढलेल्या त्या पिवळ्या ताडपत्रीखाली गेलो. तिथं सावली होती आणि उजेडही भरपूर होता. बाहुल्या मोठ्या झाल्या, काळ्याभोर. पण बर्फी कुठली थांबतेय! पाटावर ठेवली की उडी, खुर्चीवर ठेवली की उडी. अर्धा तास तिनं मला गुडघ्यावर नाचवलं. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. "नगरातल्या नवऱ्या मुली गप बसवतो म्हनं हा, एक मांजर बसवंना!"

शेवटी तूच तिला उचललीस आणि गालाला गाल लावून धरलीस. लगेच गप्प झाली. मी म्हटलं, हलू नकोस, तुलाही घेतो. तू म्हणालीस मला नको घेऊ, माझे केस बघ. तेवढ्यात मी दाबलं.

तोच तो फोटो.

कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या पडद्यावर मोठा करून तुला दाखवला. तुला स्वतःचं काहीच पडलेलं नव्हतं. तू बोट लावून बर्फीचा डोळाच मोठा करत गेलीस, करत गेलीस, आणि एकदम ओरडलीस, "आगं बया! आपलं आंगन दिसतंय की ह्याच्यात!" खरंच दिसत होतं. निळ्या डोळ्याच्या काळ्या बाहुलीत तुझं दार, दाराशी ठेवलेला पाण्याचा ड्रम, वरची ताडपत्री, वाळत घातलेलं दाजींचं धोतर. आणि मधोमध कोपरं बाहेर काढून वाकलेला एक ठोंब्या. "आनि ह्यो तू! कसा दिसतोस, बैठका काढल्यासारका!" दाजींना बोलावलंस, शेजारणीला बोलावलंस. एवढ्याशा बाहुलीत सगळं घर मावलंय म्हणून सगळ्यांना दाखवलंस. दाजींना चष्म्यातूनही ते दिसलं नाही, पण ते "व्हय व्हय" म्हणाले.

तू एवढी खूश झालेली मी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. आणि मी काय केलं? घरी येऊन ते सगळं पुसलं.

तुला माझा धंदा माहीत आहे. तुझ्यामुळंच तर लागला. बाबा मला वावरात घालायला निघाले होते तेव्हा नवी नवरी होतीस तू, हातावरची मेंदी गेली नव्हती, तरी माहेराला येऊन बाबांसमोर उभी राहिलीस. "ह्याला नांगरामागं लावू नका. ह्याची नजर बारीक हाय." दाजींना सांगून मला नगरला एका स्टुडिओत कामाला लावलंस. तिथं मी हेच शिकलो, फोटोत जे नको ते दिसू द्यायचं नाही. मुरूम, डाग, घामाची चमक. आणि चष्म्यावरचा उजेड. चष्म्याच्या काचेत खिडकी दिसते, ट्यूब दिसते, आम्ही दिसतो. ते काढून खालचा डोळा पुन्हा उभा करायचा, हे या भागात माझ्यासारखं कुणी करत नाही. गर्व म्हण, काहीही म्हण. पार नगरहून लोक मला काम पाठवतात. कुणाच्या डोळ्यात काही उमटलेलं दिसलं की माझा हात शिवशिवतो. शेजारचा रंग उचलायचा, वर लावायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा लावायचा. बघता बघता काच स्वच्छ.

म्हणून बर्फीचे डोळेही स्वच्छ केले. दार गेलं, ड्रम गेला, धोतर गेलं, मी गेलो. एक बारीक पांढरा ठिपका तेवढा ठेवला, नाहीतर डोळा मेलेला वाटतो. इतके सुंदर डोळे झाले की मी स्वतःच पाच मिनिटं बघत बसलो. एक निळा, एक घारा, दोन्ही नितळ. म्हटलं, आक्का बघतच राहील.

पण त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती, आक्का. ती सांगायला एवढं सगळं लिहितोय.

ताडपत्रीमुळं फोटोवर सगळीकडं पिवळी झाक आली होती. बर्फी पिवळी, तुझा पदर पिवळा, मागची भिंत पिवळी. ते नेहमीचंच आहे, मांडवातले सगळे फोटो असेच येतात. त्याला सोपा उपाय असतो. फोटोत जी वस्तू खात्रीनं पांढरी आहे तिच्यावर बोट ठेवून सांगायचं, ही पांढरी कर. मग तिच्याबरोबर बाकीचं सगळं आपोआप जागेवर येतं. मी बर्फीच्या कपाळावर ठेवलं. एका क्षणात बर्फी पांढरीशुभ्र झाली. तुझा पदर ठीक झाला. भिंत ठीक झाली. तुझे दात ठीक झाले.

तुझे डोळे झाले नाहीत.

मांजर पांढरी झाली आणि तुझ्या डोळ्यातलं पांढरं पिवळंच राहिलं. मी ते बघितलं. नीट बघितलं, मोठं करून बघितलं. ज्याला हे काम येत नाही त्याच्या लक्षात आलं नसतं. त्याला वाटलं असतं, ताडपत्रीचं पिवळं असेल. पण मला तर कळायलाच पाहिजे होतं ना? ताडपत्रीचं असतं तर मांजराबरोबर गेलं असतं. गेलं नाही, म्हणजे ते बाहेरून पडलेलं नव्हतं. ते तुझंच होतं, आतलं. वीस वर्षं मी हेच करतोय, बाहेरून पडलेलं कुठलं आणि मूळचं कुठलं ते ओळखायचं. माझी नजर बारीक आहे, असं तूच बाबांना म्हणाली होतीस.

माझ्या मनात काय आलं ते सांगतो, खोटं सांगत नाही. मनात आलं, आक्का दमलेली दिसते. फराळाचं करून जागरण झालं असेल. बस्स. आणि हात चालूच होता. डोळ्यातलं पिवळं काढायला मला कितीसा वेळ लागतो? चहा गार व्हायच्या आत झालं. लग्नसराई तोंडावर होती, दोन अल्बम अडकलेले होते. मी तुझे डोळे पांढरे केले आणि पुढच्या कामाला लागलो.

प्रिंट पाठवली. ती पोचली आणि तुझा फोन आला. मी वाटच बघत होतो कौतुकाची.

"आंगन कुटं गेलं?"

मला आधी कळलंच नाही. "कसलं अंगण?"

"बर्फीच्या डोळ्यातलं! माजं दार कुटंय? तू कुटंयस? सगळं खरडून काढलंस व्हय रे मेल्या?"

मी समजावलं, असं ठेवत नसतात, फोटो घाण दिसतो. तू आणखी पेटलीस. "घान? माजं दार घान? मांजर बघत हुती, तिला दिसत हुतं, ते तिच्या डोळ्यात हुतं. आता कायच न्हाई तिच्या डोळ्यात. आंधळी केलीस तिला!" मीही तापलो. म्हटलं, लोक एवढ्या लांबून येतात माझ्याकडं हेच करून घ्यायला, आणि तुला किंमत नाही. तू म्हणालीस, लोकांची थोबाडं पूस, माझ्या घराला हात लावू नको. असं बरंच झालं. मग तू मधेच थांबलीस. आवाज बदलून विचारलंस, "आनि माज्या डोळ्याला काय केलंस?"

तेव्हा मला वाटलं, ही आता दुसरं भांडण काढतेय. मी म्हटलं, "तुझ्या डोळ्याला काय करायचंय? हातसुद्धा लावला नाही. आहेस तशी आहेस."

"खरं?"

"तुझी शपथ."

मग म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास.

ते "बरं" मला रागाचं वाटलं. मी म्हटलं, जाऊ दे, बसू दे फुगून, करेल फोन. तू केला नाहीस. मीही केला नाही. लग्नं होती. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. संक्रांतीला वर्षा तुझ्याकडं वाण घेऊन आली आणि दारातच तिला दिसलं. "आई, डोळे बघितलेस का आरशात?" दुसऱ्या दिवशी तुला नगरला आणलं.

मी आलो तेव्हा तू कॉटवर बसलेली होतीस. हाताला सलाईनची सुई होती, तरी मला बघून पहिलं काय म्हणालीस? "वाळलास." स्वतः काडी झालेली, आणि मला म्हणतेय वाळलास! तुझे डोळे आता कुणालाही दिसावेत असे पिवळे झाले होते. तिथं कसली ताडपत्री नव्हती, पांढरी भिंत होती, पांढरी चादर होती.

डॉक्टर आले. आत पित्ताच्या नळीपाशी गाठ आहे म्हणाले. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "डोळे पिवळे कधीपासून आहेत?"

तू म्हणालीस, "झालं की आठ-धा दिवस."

दाजी म्हणाले, "आठ-धाच."

वर्षा म्हणाली, "मी काल बघितले."

मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. मला माहीत होतं. भाऊबीजेपासून. माझ्याकडं पुरावा होता. डॉक्टरांनी माझ्याकडंही बघितलं, आणि मी मान हलवली. आठ-दहा दिवस. त्यांनी तसं लिहून घेतलं.

नंतर जिन्यात त्यांना एकट्याला गाठलं. विचारलं, साहेब, दिवाळीत आली असती तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. ऑपरेशन करता आलं असतं कदाचित. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असेल. आता त्याचा विचार करू नका." विचार करू नका म्हणे! मी जिन्यातच बसलो. माणसं माझ्या कडेनं वर-खाली जात होती.

नंतरच्या दिवसांत एकदा दुपारी वर्षा डबा आणायला गेली होती, दाजी खाली झोपले होते, आणि आपण दोघंच होतो. तू म्हणालीस, "रम्या, ते आंगन पुसलं म्हंजे गेलंच का रं? का आसतंय कुटं?"

"असतं. मूळ फाईल असते, तिला मी हात लावत नाही."

"मग तेवढं परत घालून दे त्यात. बर्फीला माजं घर दिसू दे."

"देतो. तू घरी तर ये आधी."

"मी येवो न्हाईतर न येवो. तू दे."

तेव्हा सांगायचं होतं गं. दार उघडून दिलं होतंस तू. मूळ फाईल म्हटलं होतं मी तोंडानं. पुढं फक्त एवढं म्हणायचं होतं, आक्का, त्या मूळ फाईलमध्ये तुझे डोळेही आहेत. जीभ उचलली नाही. वाटलं, आता सांगून तिला काय मिळणार, उगाच त्रास. खोटं आहे तेही. त्रास मला होणार होता. तू मला "बाळा" म्हणून कधी हाक मारली नाहीस, पण त्या दुपारी माझा हात धरून झोपलीस, आणि तो हात मला सोडवून घ्यायचा नव्हता.

माघात तू गेलीस.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, "भाग्याची बाई. कायसुद्धा इच्छा मागं ठेवली न्हाई." दाजींनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, ठेवलीय, एक ठेवलीय, माझ्याकडं आहे ती.

त्याच दिवशी घाटावरून परत आल्यावर वर्षानं मला ते सांगितलं. तिला माहीत नव्हतं ती काय सांगतेय. तुझं कपाट आवरताना फोटो सापडला म्हणाली, साड्यांच्या खाली, कागदात गुंडाळलेला. तू रागानं भिंतीला लावला नव्हतास ना! मग म्हणाली, "मामा, आईला ना दिवाळीच्या आधीपासनंच वाटत होतं डोळे पिवळट दिसतात म्हणून. शेजारच्या काकूंना बोलून दाखवलं होतं तिनं, त्याच सांगत होत्या. काकू म्हणाल्या डॉक्टरला दाखव. ही जाणारही होती. मग तुमचा फोटो आला. हिनं ओसरीवरच्या आरशासमोर उभं राहून एका हातात फोटो धरला आणि काकूंना दाखवलं. 'बघ, फोटोत पांढरं हायेत. भावाला इचारलंय मी, हात लावला न्हाई म्हनला, शपथ घेतली माजी. ह्या ताडपत्रीचा उजेड पडतोय आरशात, दुसरं काय न्हाई.' आणि गेलीच नाही."

वर्षा रडत होती. तिला वाटत होतं आपणच लवकर यायला पाहिजे होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथं ठेवायला मला लाज वाटायला पाहिजे होती.

म्हणजे ते "बरं" रागाचं नव्हतं. तुझा जीव भांड्यात पडला होता. रागावलेली असताना, एवढं भांडण चालू असताना तू मला तेवढं विचारलंस, कारण माझ्यावर विश्वास होता. मांजराच्या बाबतीत मी लबाडी केली हे तुला माहीत होतं, पण तुझी शपथ घेऊन मी खोटं बोलेन असं तुझ्या स्वप्नातही आलं नसतं. मला स्वतःलाही नसतं आलं. मी तर ती शपथ जांभई द्यावी तशी दिली होती. भांडणात वरचढ व्हायचं म्हणून, फोन ठेवायचा म्हणून.

दाजी म्हणाले, तेराव्याला फ्रेम पाहिजे, तोच फोटो मोठा करून आण, फार हसरी आलीय. मी तिसगावला आलो. आजवर या गावातल्या किती मेलेल्या माणसांचे फोटो मी नीट केले असतील! लग्नाच्या घोळक्यातून एकेकाला कापून काढायचं, शर्ट बदलायचा, झाकलेले डोळे उघडायचे. लोक बघून म्हणतात, जिवंत वाटतोय. तुझा तयारच होता, नुसती कळ दाबायची होती. डोळे पांढरे, मांजर नितळ.

मी मूळ फाईल उघडली. मोठी केली. ताडपत्रीची झाक काढली, तेवढीच. बर्फी पांढरी झाली. तुझे डोळे होते तसेच राहिले. दोन तास मी त्यांच्याकडं बघत बसलो. मग आहे तशी छापली.

काल तुझ्या दारात आलो तर बर्फी उंबऱ्यावर. मी कागद काढला आणि फोटो पाटावर ठेवला, दाजींनी हार घातला. माणसं येऊन नमस्कार करत होती. तुमच्या भावकीतले एक म्हातारे जवळ गेले आणि बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "फोटो ब्येस हाय, पर डोळं पिवळं आलंत की. फोटोवालं तुमी सोता, एवढं कसं न्हाई दिसलं? नीट करून आना."

मी म्हटलं, "दिसलं होतं."

जेवणं उरकल्यावर ओसरीवर दाजींना आणि वर्षाला बसवलं आणि सांगितलं. सगळं. बर्फीचं कपाळ, तुझे डोळे, शपथ, डॉक्टरांपुढं हलवलेली मान. दाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा चष्मा हातात होता आणि ते तो धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मला वाटलं ते हाकलून देतील. हाकलायला पाहिजे होतं. मग म्हणाले, "ती तुला लई मानायची." बस. उठून गोठ्याकडं गेले.

वर्षा गेली नाही. तिनं फोटो पाटावरून उचलला, हार बाजूला केला आणि मांडीवर घेतला. तुझ्या डोळ्यांकडं तिनं बघितलं, पण फार वेळ बघू शकली नाही. मग तिचं बोट बर्फीच्या निळ्या डोळ्यापाशी आलं. तुझ्यासारखंच, अगदी तसंच बोट टेकवून ती वाकली. फोटो मोठा होता, स्वच्छ दिसत होतं. दार. ड्रम. धोतर.

"हे आपलं अंगण?"

"हो. तिनं परत घालायला सांगितलं होतं."

"आणि हे मधी कोण?"

"मी."

ती बराच वेळ त्या वाकलेल्या माणसाकडं बघत राहिली. कोपरं बाहेर, मान पुढं, सगळं लक्ष समोर. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे तुम्ही बघत होता, मामा."

व्हय, आक्का. बघत होतो.